सुंठीचं नको

आज सकाळी बेटम्याहून गव्हाचा टेम्पो आला. ड्रायव्हरने गल्लीच्या तोंडाशीच हॉर्न दाबून धरला आणि "भाईसाब, गेहूं आ गया!" म्हणून जी आरोळी ठोकली, तिला मीही ओट्यावरून तितक्याच जोरात "आने दो, आने दो!" असं उत्तर दिलं. बोऱ्या उतरल्या. एका बोरीचं तोंड उसवलं, मूठभर गहू तळहातावर घेतला, फुंकर मारली, दोन दाणे दाताखाली चावून पाहिले. नव्या गव्हाला एक वास असतो. उन्हाचा, मातीचा आणि किंचित दुधाचा. तो नाकात गेला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. एका जागी बसवेना. आत गेलो, बाहेर आलो, सूप शोधलं, ते हातात घेऊन गच्चीवर गेलो आणि कशाला आलो होतो ते विसरून परत खाली आलो.

"काय हो, पायाला भिंगरी लावलीय का?" नीलाने, म्हणजे माझ्या बायकोने, स्वयंपाकघरातून विचारलं.

भिंगरी जन्मापासूनचीच आहे. पण गव्हाच्या दिवसांत ती जरा जास्तच फिरते, आणि त्याला कारण गेल्या वर्षीचा गहू.

आमच्या इंदूरला हे दिवस एकदम येऊन अंगावर पडतात. होळी होते, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघून जाते, भिंतींवरचे लाल-निळे शिंतोडे अजून पुसलेले नसतात, की शाळांच्या परीक्षा आणि घरोघरचा वर्षाचा गहू हातात हात घालून हजर. गच्च्यांवर चादरी पसरतात. ऊन अजून चटका देत नाही, नुसतं पाठ शेकतं. शेजारच्या घरांतून सुपाचा फट् फट् आवाज येतो, कोंडा उडून कॉलरमध्ये शिरतो आणि मान दिवसभर खाजत राहते. स्टेशन जवळ असल्यामुळे आमच्या स्नेहलतागंजात गाड्यांच्या शिट्ट्या एरवीही असतातच, पण या दिवसांत प्रत्येक शिट्टीला मला वाटतं, कुणीतरी निघालंय आणि माझी तयारी झालेली नाही.

माझ्या आवाजाबद्दल आधी सांगायला हवं. जन्मभर मी शाळेत पीटी शिकवली. मैदानाच्या या टोकाला उभा राहून "सावधान" म्हटलं, की त्या टोकाची पोरं ताठ व्हायची. माइक कधी हातात धरला नाही. आमचे खापरपणजोबा संस्थानच्या पागेत होते. घोड्यांना हाका मारून मारून आपल्या घराण्याचा आवाज असा झाला, असं माझे वडील सांगायचे, आणि तेही ओरडूनच सांगायचे. मी रिटायर झालो तेव्हा आवाजाला मैदान उरलं नाही, तळमजल्यावरचं तीन खोल्यांचं घर उरलं. त्या घरात मी भाजीबद्दलही असा बोलायचो, की पलीकडच्या कांता भाभींना आमच्याकडे आज गिलकी आहे हे कळायचं.

अशा घरात सुंठी आली. गेल्या वर्षीच्या गव्हाआधीची थंडी होती. नीलाच्या शाळेमागे एका बिल्डिंगचं काम चाललं होतं. काम संपलं, मजूर आपली बिऱ्हाडं उचलून गेले आणि ही कुत्री वाळूच्या ढिगाआड राहून गेली. नीला डब्यातली अर्धी पोळी तिच्यासाठी ठेवायची आणि मागे न बघता वर्गावर जायची. शेवटी एक दिवस ती नीलाच्या मागे मागे शाळेच्या फाटकापर्यंत आली, आणि मग रिक्षातून आमच्या घरी. रंग सुंठेचा, अंगही तसंच, वाळकं आणि आक्रसलेलं. म्हणून नाव सुंठी.

घरात आली ती थेट दिवाणाखाली गेली. नीला समोर असली की बाहेर यायची, तिच्या हातून खायची, तिच्याबरोबर फिरायलाही जायची. मी खोलीत आलो की दिवाणाखाली. मी शिंकलो की दिवाणाखाली. मी घरात असेपर्यंत पाण्याला तोंड लावायची नाही. कुणीतरी तिच्यावर ओरडलं असेल, दगड उचलला असेल, देव जाणे. त्याचं भोगणं मात्र माझ्या वाट्याला आलं. मी तिला साधं हाडसुद्धा केलेलं नव्हतं. आपल्याच घरात आपल्याला पाहून एखादा जीव थरथर कापतो, हे फार वाईट असतं हो. मला ते लागायचं.

तरीही निभलं असतं. पण आमची मुलगी केतकी पुण्याला असते, तिला दिवस गेले होते, आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही अशी तंबी दिली. तिला सासूबाई नाहीत. परीक्षेचे पेपर तपासून झाले की नीलाने पुण्याला जायचं आणि बाळ जरा मोठं होईपर्यंत तिथेच राहायचं, यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नाही. म्हणजे सुंठी माझ्याकडे. आणि माझ्याकडे म्हणजे उपाशी.

बेटम्याजवळ नीलाच्या मामेभावाची शेती आहे, आमचा गहू तिथूनच येतो. तो म्हणाला, "जीजाजी, टेन्शन कशाला घेता? इकडे पाठवून द्या. विहिरीच्या मोटारीपाशी बांधून ठेवू, राखण करेल." साखळीने बांधून, उघड्यावर, अनोळखी माणसांत. भला माणूस आहे तो, वाईट हेतू काहीच नव्हता. नीला नंतर पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तिला तिथे बांधून मी पुण्याला जाऊ कशी? आणि केतकीकडे न जाऊन चालेल कसं?" तिने लाटणं खाली ठेवून डोळे पुसले. मी छाती पुढे काढून म्हणालो, "तू जायच्या आत माणसाळवून दाखवतो. बघच तू."

आता इंदूरची रीत सांगतो. इथे पाहुणा "नको" म्हणाला की ते "हो" समजायचं. "पोट भरलं" म्हणाला की ती लाज. त्याने हात आडवा धरला तर हाताखालून वाढायचं, आणि तो ताटावर ओणवाच झाला तर मग थोडं कमी वाढायचं. आम्ही मराठी माणसं मुळातच आग्रहाची, त्यात पिढ्यान् पिढ्या माळव्यात राहून त्या आग्रहावर सेव भुरभुरलेली. प्रेम करायचं ते समोरच्याचं अजिबात ऐकून न घेता.

तसंच मी सुंठीवर केलं. दिवाणासमोर पालथा पडलो, हातात तुपातल्या पोळीचा तुकडा. "खा गं बाई. एकच घास. बरं, अर्धा खा. माझ्या गळ्याची शपथ!" हे सगळं माझ्या आवाजात. ते ऐकून कांता भाभी गरम पोह्यांची बशी घेऊन आल्या. "अरे म्हारी बाई, बाहर तो आ! देख, कित्ते प्यार से लाई हूं." कोपऱ्यावरचा प्रेसवाला आमचे कपडे द्यायला आला होता, तोही बसला. "भिया, ऐसे नी होगा. डर निकालना है तो सबसे मिलवाओ," असं म्हणून त्याने खिशातला बिस्किटाचा पुडा फोडला. आम्ही तिघांनी तीन बाजूंनी दिवाणाखाली हात घातले. आतून तिचे डोळे तेवढे चमकत होते, आणि टप् टप् असा आवाज येत होता. तिची लाळ गळत होती.

"देखो, देखो! मन तो है, शरमा रई है," भाभी खुशीत म्हणाल्या.

ती लाळ भीतीची होती. तिन्ही बाजूंनी हात आले तशी ती भिंतीला चिकटली आणि तिथेच तिने मुतून टाकलं. नीला बाजारातून आली, तिने आमच्या तिघांचे जमिनीला टेकलेले गाल पाहिले आणि पिशवी टेबलावर आपटली.

"उठा सगळे. भाभीजी, आप भी. ती नको म्हणतेय हो! तिला आपल्यासारखं वरवरचं नको म्हणता येत नाही. तिचं नको म्हणजे नकोच आहे."

त्यानंतर दोन दिवस सुंठी नीलाच्या हातचंही खाईना.

मी हिरमुसलो, पण हार मानणारा माणूस नव्हे. आपली पीटीची विद्या काढली. भित्र्या पोराला रांगेत सगळ्यात पुढे उभं करावं, चार दिवसांत भीड मोडते, असा माझा अनुभव. नीला शाळेत गेल्यावर पट्टा लावला आणि सुंठीला उचलूनच चौकात नेलं. ती रस्त्यावर सपाट झाली, जणू डांबरात शिरायचं होतं तिला. मी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! उठ! चल, एक-दो-एक!" तेवढ्यात कचऱ्याची गाडी आपलं गाणं लावून वळणावरून आली. सुंठीने मान आवळून पट्ट्यातून बाहेर काढली आणि सुसाट सुटली. मी मोकळा पट्टा धरून मागे. एक स्कूटर तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. ती घरीच गेली होती म्हणून बरं. दिवाणाखाली तिच्या धापांचा आवाज ऐकत मी जमिनीवर बसलो. अति तिथे माती म्हणतात, ती माझ्या तोंडात पडलेली होती.

मग दिवसच्या दिवस मी नुसता फिरत राहिलो. घरात बसलो की ती उपाशी, म्हणून घराबाहेर. स्टेशनवर जायचो, प्लॅटफॉर्मवर चकरा मारायचो, कुणालाच सोडायला किंवा आणायला आलेलो नसायचो. रस्त्यात ओळखीचे भेटले की मोठमोठ्याने बोलायचो आणि बोलता बोलता मनात यायचं, आयुष्यात मला कुणी खरंखुरं नको म्हटलं असेल, तर ते मी ऐकलं होतं का? ऐकूही आलं नसेल. तेव्हाही मीच बोलत असणार.

आणि गेल्या वर्षीचा तो गहू आला.

नीलाच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. तिने वर न बघता सांगितलं, "यंदा मला वेळ नाही. तुम्ही निवडा."

"मी? गहू?"

"का? हात आहेत, डोळे आहेत, आणि वेळ तर भरपूर आहे."

मागच्या पडवीत चादर अंथरून मी बसलो. तुम्ही कधी गहू निवडलाय का? ताटात गहू पातळ पसरायचा, एका बोटाने थोडा थोडा आपल्याकडे ओढायचा, खडा, काडी, मातीचा गोळा उचलून बाजूला टाकायचा आणि साफ झालेला गहू डब्यात लोटायचा. सोपं वाटतं. पण गव्हाच्या रंगाचा खडा बघितला तरच दिसतो, बोलताना दिसत नाही. मी आधी फोनवर बोलत बोलतच निवडत होतो. नीलाने माझ्या निवडलेल्या गव्हातली एक ओंजळ घेतली, पसरली आणि त्यातले खडे उचलून एकेक माझ्या तळहातावर ठेवले. मी फोन बंद करून आत ठेवला. अशा रीतीने, कुणाच्याही सांगण्यावरून न बसणारा मी, गव्हाच्या खड्यांमुळे मुकाट्याने बसलो. मान खाली, तोंड बंद, हात चालू.

गुडघे बोंबलत होते. मुंग्या येत होत्या. दर ताटागणिक उठावंसं वाटे. आजही सकाळपासून तेच चाललंय. डोळे गव्हावर असतात आणि आत काहीतरी सारखं उड्या मारत असतं. पण मान खाली घालून बसलेल्या माणसाला डोळ्याच्या कडेने बरंच दिसतं. मला तेव्हा पडवीच्या दारात एक सुंठेच्या रंगाचं नाक दिसलं.

"बघू नका तिच्याकडे," आतून नीलाचा हलका आवाज आला. तिलाही पेपरांवरून नजर न उचलता सगळं दिसत होतं.

मी बघितलं नाही. नाक मागे गेलं. दुसऱ्या दिवशी नाकामागे डोकं आलं. मग पुढचे दोन पाय. मी पाखडायला सूप उचललं की सगळं गायब, मग पुष्कळ वेळाने पुन्हा नाक. मी सूप हळू धरायला लागलो. बोरी आपटायची नाही, ओढायची नाही, चार खेपांत गहू भांड्यानेच काढायचा. माझ्या हाताला एरंडेल लागलेलं असे. साफ झालेल्या गव्हाला किडा लागू नये म्हणून ते चोळायचं असतं. मला तो वास लहानपणापासून नकोसा, पण सुंठीला त्यात काय दिसलं कोण जाणे. एका दुपारी माझ्या कोपराला काहीतरी ओलं, गार लागलं. ती मला हुंगत होती.

"अरे वा रे माझी वाघीण!" हे माझ्या दातांपर्यंत आलेलं होतं. मी ते गिळलं. एवढ्या मोठ्या आवाजाचं वाक्य गिळायला घशाला त्रास होतो. डोळ्यांत पाणी आलं आणि ताटातला गहू पुसट झाला. मी तसाच बोटं फिरवत राहिलो. त्या ताटात खडे राहिले असतील तर असू देत.

त्यानंतर मी पोळीचा तुकडा माझ्या पाठीमागे ठेवायला लागलो. द्यायचा नाही, नुसता ठेवायचा. एक घास नाही, अर्धा नाही, शपथ तर नाहीच. माझ्या पाठीला तिच्या खाण्याचा आवाज ऐकू यायचा. आमच्या घरात कुणी इतकं निवांत जेवलं असेल असं वाटत नाही. मग पट्टा लावून मी दारात उभा राहायचो, ती बाहेर पाऊल टाकेपर्यंत. टाकलं नाही तर आम्ही दोघंही परत आत. एका सकाळी ती गल्लीत आली, चार घरं पुढे गेली, कचऱ्याच्या गाडीचं गाणं लांबून ऐकून माझ्या पायांमागे दडली, पळाली नाही, आणि गाडी गेल्यावर विजेच्या खांबाशी बसून तिने लघवी केली. माझ्या हातात पट्टा असताना! माणसाला कशाचा आनंद होईल सांगता येत नाही. मी घरी येऊन नीलाला ही बातमी दिली, कुजबुजत. तिने पेन खाली ठेवलं आणि माझा एरंडेलाने माखलेला हात दोन्ही हातांत धरला.

नीला पुण्याला गेली. स्टेशनवर गाडीच्या खिडकीतून म्हणाली, "खात जा नीट. दोघंही."

खरी बेचैनी पुढेच होती. सुंठी माझ्यासमोर खात होती, माझ्याबरोबर फिरत होती, पण मी घरात चोरासारखा राहत होतो. मांजरीच्या पावलांनी चालायचो. शिंक आली की टॉवेल तोंडावर घेऊन गच्चीवर पळायचो. फोनवर पुटपुटायचो. कांता भाभींनी कुंपणावरून विचारलं, "भाईसाब, तबियत तो ठीक है? दस दिन से आवाज नी आई." तबियत ठीक होती, पण मी मी नव्हतो. सारखं वाटायचं, हिने ज्याच्यावर विश्वास ठेवलाय तो हा पुटपुटणारा माणूस आहे, आणि तो खोटा आहे. एक ना एक दिवस खरा आवाज बाहेर पडणार. मग पुन्हा दिवाण, पुन्हा उपास. नीला केतकीला टाकून येऊ शकत नाही, म्हणजे मग साखळी आणि बेटमा. मामेभावाचा फोन येऊन गेलाच होता, "जीजाजी, नसेल जमत तर अजूनही पाठवून द्या." पुण्याची काळजी वेगळीच. केतकीचं बरं आहे ना, हेसुद्धा हळू आवाजात विचारायचं, म्हणजे काळजी आतल्या आत दुप्पट व्हायची.

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी खुर्चीत बसलो होतो. सुंठी माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपली होती, पहिल्यांदाच. फोन वाजला. नीला होती. ती हसत होती की रडत होती, कळेना.

"अहो, मुलगी झाली! दोघीही छान आहेत!"

"हो का..." मी म्हणालो. "छान."

"अहो, ऐकू येत नाहीये. काय झालंय तुम्हाला? मुलगी झाली म्हणतेय, केतकीला!"

उठून बाहेर जावं म्हटलं, तर पायावर तिचं डोकं. मी ओठ दाबले, डोळे मिटले, पण इतक्या दिवसांची काळजी, ती डॉक्टरांची तंबी, ते गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"मुलगी झाली! अरे, मुलगी झाली रे!"

मैदानावरचा आवाज होता तो. मांडणीवरची ताटं झणझणली. पाऊल हलकं झालं. डोळे उघडले तर सुंठी दिवाणाच्या तोंडाशी पोचलेली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर, शेपूट पोटाखाली. संपलं, मला वाटलं. "ये" म्हणायचा मोह झाला, पण म्हटलं नाही. तिला नको असेल तर नको. मी तिच्याकडे बघितलंही नाही. फोनमध्ये नीला "हॅलो, हॅलो" करत होती. इकडे माझी आरोळी ऐकून कांता भाभी धावत आल्या आणि बाहेरून दार बडवायला लागल्या, "क्या हुआ? भाईसाब, क्या हुआ?"

सुंठी दिवाणाखालून मागे सरकत बाहेर आली. उभी राहिली. नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झडझडून तिने हलवलं, माझ्या खुर्चीला वळसा घातला आणि माझ्या व दाराच्या मध्ये जाऊन दाराकडे तोंड करून भुंकली. आमच्या घरात तिचा आवाज तोवर कुणी ऐकलेला नव्हता. फाटका, बारीक, आणि थांबायला तयार नसलेला.

दाराची थाप बंद झाली. फोनमध्ये नीलाने विचारलं,

"हे कोण भुंकतंय?"

"आपली सुंठी!" मी ओरडलो. "माझ्यापाशी उभी राहून भुंकतेय! तू राहा तिकडे, लागतील तितके दिवस राहा!"

सुंठीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मग उरलेलं भुंकून घेतलं.